चोविसाव्या कप्प्यातलं पाणी

१

रोज सकाळी साडेसातला मी तेवीस वाट्या विसळतो आणि त्यांत ताजं पाणी भरतो. चहा त्यानंतर. माझी बायको उज्वला म्हणते, "देवाला पाणी घालायचं तर तुमचे गुडघे दुखतात, आणि सापांना बरं वाकून वाकून पाजता." म्हणू दे. छप्पन्न वर्षांच्या माणसाला एखादा तरी नाद असावा.

नाशिक रोडला माझं माशांचं दुकान आहे, आणि घराच्या मागच्या खोलीत माझे साप. बॉल पायथन. परदेशी जात, विष नाही, हात लावला की वेटोळं करून तोंड लपवतात. कागदपत्रं रीतसर केलेली आहेत, हे आधीच सांगतो, कारण शेजारी विचारतातच. भिंतीला लागून एक रॅक आहे, त्याला चोवीस कप्पे. प्रत्येक कप्पा ड्रॉवरसारखा बाहेर ओढायचा. आत वर्तमानपत्र, मागे उबेची पट्टी, पुढे पाण्याची वाटी आणि एक साप. असे तेवीस. चोविसावा, अगदी खाली उजवीकडचा, रिकामा.

गणपतीच्या आधीच्या रविवारी महेश नावाचा मुलगा जोडी बघायला आला. कंपनीत इंजिनीअर, साप पहिल्यांदाच पाळणार. अशा माणसाला मी आधी बसवतो आणि शिकवतो. विजेच्या बिलाच्या कोऱ्या बाजूला मी चौकोन काढला, एक आडवी, एक उभी रेघ मारून चार घरं केली.

"हे बघ. प्रत्येक गुणाच्या दोन चिठ्ठ्या असतात. एक आईकडून, एक बापाकडून. हा पिवळा-पांढरा रंग यायचा तर दोन्ही चिठ्ठ्या रंगाच्याच लागतात. एकच आली तर साप दिसायला साधा, पण चिठ्ठी पोटात लपलेली. त्याला आम्ही हेट म्हणतो. असे दोन हेट एकत्र आणले की ही चार घरं. एक घर साधं, दोन घरं लपवणारी, आणि हे चौथं," मी त्यात फुली मारली, "इथे दोन्ही चिठ्ठ्या भेटतात."

"म्हणजे चारात एक."

"प्रत्येक अंड्याला चारात एक. तीन साधी निघाली म्हणून चौथं रंगाचं निघेलच असं नाही. अंडं काही मागच्या अंड्याला विचारून फुटत नाही."

हे वाक्य मी सगळ्या गिऱ्हाइकांना ऐकवतो. महेश हसला. मग जरा चाचरत म्हणाला, "काका, तुमच्या सापांत काही दोष नाही ना? काहींची मान हलते असं वाचलं."

"छे! माझ्याकडे तसलं काही नाही."

उज्वला चहा घेऊन आली होती. ट्रे हातात तसाच धरून ती त्या कागदाकडे बघत राहिली.

"हे फुलीचं घर कसलं?" तिनं विचारलं.

"सापांचं आहे गं. तुला काय करायचंय?"

कप ठेवून आत गेली. महेश जोडी घेऊन गेला, आणि त्या रिकाम्या झालेल्या दोन कप्प्यांत मी दुकानात ठेवलेली दोन पिल्लं आणून ठेवली. तेव्हा चोविसाव्याकडे लक्ष गेलं. त्यात वाटी होती. सकाळी सवयीच्या भरात मीच भरली असणार, काठोकाठ. दुपारचे दोन वाजत होते आणि वाटी अर्धी झाली होती.

२

मी मूळचा निफाडचा, द्राक्षाच्या मळ्यातला, आणि चूक तिथूनच झाली. द्राक्षाची बी कुणी लावत नाही. चांगल्या वेलीची काडी घ्यायची, काडी धरली की तेच फळ. बाहेरचं काही मिसळू द्यायचं नाही. सापांनाही मी तोच न्याय लावला. चांगल्या रंगाचा नर, त्याचीच बहीण, मग त्यांची पिल्लं आपसांत. घरातलं घरात. आमच्याकडे माणसांतही तेच करतात. उज्वला माझ्या मामाची मुलगी.

रंग काय सुंदर उतरत गेला म्हणून सांगू! दुधात हळद घातल्यासारखा. पण काडीला चिठ्ठ्या नसतात आणि अंड्याला असतात, हे मी विसरलो. रंगाबरोबर त्या घराण्यात आणखी एक काहीतरी लपलेलं होतं, तेही एकमेकांना भेटत गेलं.

यंदा आषाढात आठ अंडी फुटली. सात पिल्लं ठणठणीत. आठव्याची मान थरथरायची. डोकं वळत वळत वर जायचं, वरच्या फळीकडे, आणि तिथेच अडकायचं. पाणी प्यायला गेलं की तोंड वाटीत जायचं सोडून भलतीकडेच. त्याला मी चोविसाव्या कप्प्यात ठेवलं, खाली, कोपऱ्यात, गिऱ्हाइकाच्या नजरेला पडायला नको म्हणून.

अशी पिल्लं जगतात. जरा हातानं भरवावं लागतं, पण वर्षानुवर्षं जगतात. फक्त ती दिसली की त्यांच्या भावंडांना कुणी विचारत नाही. सात चांगल्या पिल्लांचं नाव एकानं खराब होतं, बाकी काही नाही.

नागपंचमीला उज्वलानं पाटावर चंदनाचा नाग काढला, लाह्या-दूध ठेवलं. त्या दिवशी आमच्याकडे काही चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही. म्हणून तिनं पुरणाची दिंडं उकडायला ठेवली होती. स्वयंपाकघरात वाफेचा वास होता. मी मागच्या खोलीत त्या पिल्लाला आईस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात ठेवलं, झाकण लावलं आणि सापांच्या उंदरांसाठी जो छोटा फ्रीज आहे, त्याच्या बर्फाच्या कप्प्यात सरकवलं. चिरायचं नाही म्हणतात. गोठवायचं नाही असं कुठे सांगितलंय? असं मी मनात म्हणालो, आणि स्वतःच्याच विनोदावर हसलोसुद्धा.

थंड रक्ताचा प्राणी, गारठला की झोपी जातो, असं म्हणतात. तसं होत नाही. फ्रीजमधून आवाज येत होता. टक्. मग थांबून टक्-टक्. मी हॉलमध्ये जाऊन टीव्ही लावला आणि आवाज वाढवला. तिसऱ्या दिवशी डबा घंटागाडीत टाकला.

३

दिवाळीला हर्षाली आणि आयुष आले. हर्षाली माझी मुलगी. आयुष माझा जावई, आणि माझ्या सख्ख्या बहिणीचा, सुवर्णाचा, मुलगा. म्हणजे पुन्हा मामाचीच मुलगी. वैशाखात निफाडला लग्न झालं तेव्हा सुवर्णा मांडवभर सांगत फिरत होती, "दादा आजवर भाऊ व्हता, आता व्याही झाला. आता बघा कसा रुबाब दाखवते त्याला!" सगळे हसले, मीही हसलो. पत्रिका बघितल्या होत्या, छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण जुळले होते. आणखी कुणी काही विचारलं नाही आणि मी काही सांगितलं नाही.

पाडव्याला हर्षाली आईच्या कानात काहीतरी बोलली. उज्वलानं तिला घट्ट धरलं आणि रडली. आयुष मला म्हणाला, "मामा, आजोबा होणार तुम्ही."

"वा, वा," मी म्हणालो आणि सापांना बघतो म्हणून मागच्या खोलीत गेलो.

आता सांगूनच टाकतो. हर्षालीच्या आधी आम्हाला मुलगा होता. नाथा. तीन वर्षं आणि दोन महिने. त्याची मान कधी धरलीच नाही. डोकं थरथरत वर जायचं, छताकडे, आणि तिथेच अडकायचं. बिस्कीट घ्यायला हात केला की हात दुसरीकडेच. पण हसायचा हो! पंखा फिरताना बघून हसायचा, माझी चप्पल वाजली की हसायचा. पाणी मात्र आईच्याच हातून प्यायचा. उज्वला दोन बोटं त्याच्या मानेखाली लावायची, दुसऱ्या हातानं वाटी कलती करायची. एक घोट, थांबायचं, एक घोट. पलंगाच्या लाकडाला त्याचं डोकं लागायचं, टक्, मग थांबून टक्-टक्. हीच खोली. रॅक आहे तिथे पलंग होता.

मुंबईला एका मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी इंग्रजीत समजावलं होतं. कागदावर चौकोन, चार घरं, एकात फुली. दोष तुम्हा दोघांत लपलेला आहे, नात्यातलं लग्न आहे, घरातल्या बाकीच्यांनाही सांगा, आणि पुढच्या वेळी दिवस गेले की लगेच या, तपासता येतं, उशीर करू नका. उज्वला नाथाला मांडीवर घेऊन शेजारीच बसली होती. तिला इंग्रजी कळत नव्हतं. तिनं विचारलं, "काय म्हणतात?"

"ताप डोक्यात गेला म्हणतात," मी म्हणालो.

का म्हणालो? आईनं हौसेनं भावाची पोर सून करून आणली होती, तिला काय सांगणार होतो? मामाला काय तोंड दाखवणार होतो? उद्या सांगू म्हटलं. नाथा गेला. मग हर्षाली झाली, चांगली झाली, काही न तपासताच झाली, आणि मला वाटलं, सुटलो. उद्या राहूनच गेला.

पण चिठ्ठ्यांचा हिशेब मला येतो. तोच तर मी शिकवतो. हर्षालीत ते लपलेलं असायची शक्यता किती, माझ्या बहिणीत किती, तिच्या मुलात किती, सगळं गुणून मी दुकानात बसून पावतीच्या मागे मांडलं. तीनदा मांडलं. तीनदा तेच आलं. चोविसात एक.

चोविसात एक म्हणजे काहीच नाही, मी स्वतःला म्हणालो. तेवीस घरं चांगली आहेत. मग घरी आलो, रॅकसमोर उभा राहिलो आणि खाली वाकून चोविसाव्या कप्प्यातली वाटी बघितली. तळाला थेंबभर पाणी होतं.

४

मी अडाणी नाही. उबेच्या पट्टीनं पाणी आटतं. म्हणून मी त्या कप्प्याची पट्टी बंद केली. वाटी भरली, पाण्याच्या पातळीला मार्करनं रेघ मारली. तशीच दुसरी वाटी बाहेर रॅकवर ठेवली, तिलाही रेघ. कार्तिकातली थंडी, निफाडला तर कुडकुडवणारी. दुसऱ्या दिवशी बाहेरची वाटी रेघेला रेघ. आतली दोन बोटं खाली.

कुठला तरी साप फटीतून शिरत असेल. तेवीसच्या तेवीस मोजले, जागेवर. उंदीर असेल. वर्तमानपत्र उलटून पाहिलं, एक लेंडी नाही. मग मी कप्प्याच्या कडेनं चिकटपट्टी लावली, चारी बाजूंनी, पॅकिंगची जाड.

आठ दिवस मी तिकडे बघितलंच नाही. खरं म्हणजे बघत होतो, वाकत नव्हतो. नवव्या दिवशी दुपारी उज्वला बाजारात गेली होती. चिकटपट्टी जिथल्या तिथे होती, एक कोपरा सुटलेला नव्हता. ती सोलून कप्पा ओढला.

आत कात होती.

साप कात टाकतो तेव्हा ओठांपासून सुरुवात करतो, आणि पायमोजा उलटा काढावा तशी ती अखंड निघते. सरळ, लांब. ही सरळ नव्हती. धुतलेलं फडकं पिळावं तशी पीळ पडलेली होती, आणि डोक्याकडचा भाग वर वळून कप्प्याच्या भिंतीला चिकटला होता. नागपंचमीचं पिल्लू वीतभर होतं, फार तर दीड वीत. ही कात माझ्या कोपरापर्यंत आली.

जुनी असेल. दुसऱ्या कप्प्यातली असेल. मीच कधीतरी टाकली असेल. किती वेळ मी ती हातात धरून अशी कारणं शोधत होतो कोण जाणे. ती ओलसर होती. ताज्या कातीला असतो तेवढाच ओलसरपणा.

मी ती कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकली, वाटी काढून घ्यायला हात घातला आणि घेतला नाही. पाणी भरलं. का भरलं विचारू नका. परत चिकटपट्टी लावली. उठून दारापर्यंत पोचलो तेव्हा मागून आवाज आला. टक्. मी हॉलमध्ये आलो. टीव्ही लावला.

५

संक्रांतीला सुवर्णाचा फोन आला. हर्षालीला चौथा सरत आला होता.

"दादा, लय गुणी पोरगी दिलीस बघ. माझ्या हातचं पिठलं सोडून तिला काही गोड लागत नाय. मी म्हनते, पोरगाच हाय."

मी दुकानात होतो. समोर मासे फिरत होते. आत्ता सांगायचं, ठरवलं. तपासायला अजून वेळ असेल. नसला तरी पोरीला माहीत तर असेल, तिचं तिला ठरवता येईल.

"सुवर्णा, तुला नाथा आठवतो?"

तिनं हातातलं भांडं खाली ठेवलेलं ऐकू आलं. मग म्हणाली, "आठवतो तर. माझ्या मांडीवर खेळलाय तो. लय सोसलं रे तुम्ही. वहिनीनं तर किती सोसलं. असा कसा ताप डोक्यात गेला त्याच्या?"

एवढंच. तिनं माझ्यापुढे ते वाक्य ठेवलं, मी सव्वीस वर्षांपूर्वी केलेलं, आणि मला फक्त 'नाही' म्हणायचं होतं. ताप नव्हता, सुवर्णा. एवढे तीन शब्द.

"हो ना," मी म्हणालो.

"आता नको त्या आठवणी काढू, चांगलं व्हायच्या वेळी. तिळगूळ धाडलाय आयुषबरोबर. घ्या आणि गोड बोला."

फोन ठेवला. घाबरट मेल्या, मी स्वतःला म्हणालो. आणखीही बरंच म्हणालो. शिव्या घालून घेतल्या की जरा हलकं वाटतं, हीच तर गोची आहे.

६

माघात पाचव्या महिन्यात चोरओटी केली. गाजावाजा नाही, बायका बोलवायच्या नाहीत, आईनं लेकीची ओटी भरायची, बस. आयुष हर्षालीला सोडून कामावर गेला. दुपारची वेळ, खिडकीतून ऊन. उज्वला स्वयंपाकघरात ताट करत होती, तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी. मी हॉलमध्ये पेपर धरून बसलो होतो, आणि मागच्या खोलीतून चिकटपट्टी सोलल्याचा आवाज आला. लांब, चर्रर्र करत.

मी धावलो.

हर्षाली रॅकसमोर खाली मांडी घालून बसली होती, पोट सांभाळत. चोविसावा कप्पा बाहेर ओढलेला. दारातून मला कप्प्याची बाजूच दिसत होती, आतलं दिसत नव्हतं. तिचा चेहरा दिसत होता. ती हसत होती.

"बाबा, असं कुणी चिकटवून टाकतं का? गुदमरेल ना बिचारा. हा कधी आला?"

मी दाराची चौकट धरून तिथेच उभा राहिलो.

"ए, इकडे बघ. इकडे रे, सोन्या." ती आत बघत होती, आणि बघता बघता तिची मान हळूहळू वळायला लागली. जे बघत होती त्याच्याबरोबर. जरा डावीकडे, मग वर, छताकडे. तिथे थांबली. मग तिनं परत खाली बघितलं आणि तिचं हसू थोडं कमी झालं. "बाबा, असं का होतं याला?"

हीच वेळ होती. मुलगी समोर बसली होती, तिचा हात पोटावर होता आणि तिनं स्वतःच्या तोंडानं विचारलं होतं. देवानं आणखी काय करायचं माझ्यासाठी? मी तोंड उघडलं.

"ताप डोक्यात गेला असेल," मी म्हणालो.

"सापाला कुठे ताप येतो, बाबा!"

माझ्या मागे ताटातलं हळकुंड घरंगळल्याचा आवाज झाला. उज्वला उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं ताट रॅकवर ठेवलं, माझ्या अंगावरून पुढे गेली आणि लेकीशेजारी खाली बसली.

"सरक गं जरा," ती म्हणाली.

तिनं उजवा हात कप्प्यात घातला. तळहात वर, दोन बोटं पुढे. डाव्या हातानं वाटी उचलली आणि कलती केली. मला तिची पाठ दिसत होती आणि ती वाटी. पाणी कमी झालं, जरासं. थांबलं. पुन्हा जरासं. थांबलं. दोन पावलं पुढे गेलो असतो तर तिच्या खांद्यावरून आत दिसलं असतं. मी गेलो नाही.

"ते फुलीचं घर मी ओळखलं होतं," मागे न बघता ती म्हणाली. "त्या डॉक्टरीणबाईंनी असंच काढलं होतं. तुम्ही त्या महेशला सगळं नीट समजावून सांगितलंत, मी ट्रे घेऊन ऐकत होते. मला वाटलं, आता तुम्ही मलाही सांगाल. दिवाळी गेली. संक्रांत गेली. मीसुद्धा गप्प बसले, तेवढं पाप माझंही आहे."

"कसलं घर, आई?" हर्षालीनं विचारलं. तिचा आवाज बदलला होता.

"बाबा सांगतील."

उज्वलानं रिकामी वाटी खांद्यावरून मागे धरली. मी ती घेतली. काठाला तोंड लावल्यासारखी ओल होती.

"आधी पाणी आणा," ती म्हणाली.

मी स्वयंपाकघरात आलो आणि नळ सोडला. वाटी केवढीशी, लगेच भरली. मी नळ बंद केला नाही. पाणी बोटांवरून वाहत होतं. मागच्या खोलीतून हर्षालीचा आवाज येत होता, लहान बाळाशी बोलावं तसा. मधेच टक्. मग थांबून टक्-टक्. आणि हसल्यासारखं काहीतरी, जे हर्षालीचं नव्हतं आणि उज्वलाचंही नव्हतं. ते हसणं मी सव्वीस वर्षांनी ऐकत होतो, आणि चप्पल माझ्या पायात होती.

"अहो, येताय ना?" उज्वलानं हाक मारली. "आम्ही तिघं थांबलोय."

मी नळ बंद केला.